घटिकेपासून पाळीपर्यंत : कामाच्या दिवसाचे तुकडे कोणी पाडले?

कबनूर हे हातकणंगले तालुक्यातले, इचलकरंजीच्या हद्दीला चिकटून असलेले गाव. शहर कुठे संपले आणि गाव कुठे सुरू झाले हे नवख्या माणसाला कळत नाही, कारण मागांचा खडखडाट दोन्हीकडे सारखाच. इथल्या कितीतरी कारखान्यांत दिवस दोनच तुकड्यांत मोजला जातो, दिवसपाळी आणि रातपाळी, दोन्ही बारा-बारा तासांच्या. त्याच गल्ल्यांमधून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले, सुताचे आणि कापडाचे हिशेब लिहिणारे दिवाणजी, घरी बसून संगणकावर काम करणारे तरुण आपल्या दिवसाचे वेगळे तुकडे पाडू लागले आहेत. मोबाइलवर पंचवीस मिनिटांचा गजर लावायचा, तेवढ्या वेळात एकच काम करायचे, मग थोडे उठायचे आणि पुन्हा बसायचे. हा सल्ला आज पुस्तकांतून आणि व्याख्यानांतून नवा शोध म्हणून दिला जातो. वास्तविक दिवसाचे भाग पाडून प्रत्येक भागाला एक काम नेमून देण्याची कल्पना किमान दोन हजार वर्षे जुनी आहे. ती राजवाड्यातून मठात, मठातून गिरणीत, गिरणीतून कायद्याच्या पुस्तकात आणि तिथून आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये आली. या सगळ्या प्रवासात एक प्रश्न कायम राहिला : हे तुकडे पाडायचे कोणी? ज्याला काम करायचे आहे त्याने, की त्याच्याकडून काम करून घ्यायचे आहे त्याने? हा प्रश्न हाती धरून आपण सुरुवातीपासून चालत येऊ.

सुरुवात पाण्यापासून करावी लागते. आपल्याकडे अहोरात्राच्या साठ घटिका मानल्या जात. एक घटिका म्हणजे आजची २४ मिनिटे, दोन घटिकांचा एक मुहूर्त, आणि आठ प्रहर मिळून पूर्ण दिवसरात्र. घटिका मोजायचे साधन अगदी साधे होते. तांब्याची पातळ वाटी, तिच्या बुडाला बारीक छिद्र, आणि खाली पाण्याने भरलेले घंगाळ. वाटी पाण्यावर ठेवली की छिद्रातून पाणी हळूहळू आत चढते, वाटी जड होत जाते आणि घटिका भरली की बुडते. सूर्यसिद्धान्तात या यंत्राचे वर्णन आहे : जे तांब्याचे भांडे दिवसरात्रीत बरोबर साठ वेळा बुडेल ते खरे. बनवणाऱ्याला छिद्र इतके अचूक पाडावे लागे की त्या साठात एकाचीही चूक चालत नसे. महाराष्ट्रात लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी जोशी हीच वाटी घंगाळात सोडत. या मोजणीचा एक गुण लक्षात ठेवण्याजोगा आहे. तिच्यात तास कुठून तरी वाहत जाताना दिसत नाही. एक तुकडा सुरू होतो, भरतो आणि संपतो, मग कोणीतरी हात घालून वाटी पुन्हा तरंगत ठेवतो.

अशा तुकड्यांवर कामे बसवण्याचा सर्वांत तपशीलवार जुना आराखडा कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडतो. हा ग्रंथ शतकानुशतके विस्मृतीत गेला होता. म्हैसूरला त्याची पोथी हाती आल्यावर आर. शामशास्त्री यांनी १९०९ साली तो छापून प्रसिद्ध केला. त्यात आधी वेळ मोजण्याचे माप दिले आहे : चार मासे सोन्याची चार अंगुळे लांब तार काढायची आणि तेवढ्याच छिद्रातून एक आढक पाणी वाहून जायला जो वेळ लागतो त्याला नालिका म्हणायचे. पुढे राजाचा दिनक्रम येतो. दिवसाचे आठ आणि रात्रीचे आठ भाग करायचे. पहिल्या भागात संरक्षणाची आणि जमाखर्चाची माहिती ऐकायची, दुसऱ्यात नगरातल्या आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांची गाऱ्हाणी, तिसऱ्यात स्नान, भोजन आणि अध्ययन, चौथ्यात महसुलाचा स्वीकार आणि अधिकाऱ्यांच्या नेमणुका, पाचव्यात मंत्रिपरिषदेशी पत्रव्यवहार आणि हेरांच्या बातम्या. सहावा भाग राजाचा स्वतःचा, मन रमवण्याचा किंवा विचारविनिमयाचा. सातव्यात हत्ती, घोडे, रथ आणि पायदळाची पाहणी, आठव्यात सेनापतीबरोबर खलबत. दिवसरात्र समान धरली तर प्रत्येक भाग आजच्या दीड तासाचा होतो. या आराखड्यातला खरा शहाणपणा मात्र त्याच्या शेवटी जोडलेल्या दोन सवलतींत आहे. राजाने आपल्या कुवतीप्रमाणे हे भाग वेगळे पाडले तरी चालतील, असे ग्रंथकार सांगतो, आणि तातडीचे काम आले तर ते ताबडतोब ऐकावे, वेळेच्या नावाखाली पुढे ढकलू नये, असेही बजावतो. चौकट आखणारा आणि ती मोडायची मुभा असणारा माणूस एकच होता. अर्थात तो राजा होता.

सामान्य माणसाची वेळ तेव्हा आकाशात होती. दिवस कासराभर वर आला की न्याहारी, ऊन डोक्यावर आले की भाकरी, तिन्हीसांजेला गुरे परत. सामाईक विहिरीवर मोट कोणी कधी हाकायची याच्या पाळ्या असत, आणि त्या शेतकऱ्यांनी आपापसांत बसून ठरवलेल्या असत. शहरांत घटिका मोजणारे घड्याळी लोक नेमलेले असत. ते वाटी बुडाली की काशाची थाळी ठोकत. बाबराने आपल्या आठवणींत यांची नोंद केली आहे. घटिकेचे ठोके ऐकू येतात, पण रात्री मध्येच जाग आलेल्या माणसाला प्रहर कोणता चालू आहे हे कळत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. म्हणून घटिकेच्या ठोक्यांनंतर थोडे थांबून प्रहराचेही ठोके द्यावेत, असा हुकूम त्याने केला. छोटीशी सुधारणा, पण तिच्यामुळे अंथरुणावरच्या माणसालाही आपण दिवसाच्या कोणत्या तुकड्यात आहोत हे समजू लागले. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अकराव्या दशकात प्रपंच करणाऱ्या माणसासाठी दिनक्रम सांगितला : पहाटे उठून पाठांतर, मग स्नान आणि पूजा, मग उद्योगधंदा, भोजनानंतर वाचन आणि विवरण, आणि एकांतात मनन. कौटिल्याने जे राजाला सांगितले ते इथे घरगृहस्थाच्या दारी आले. शिस्त कडक होती, पण ती पाळायची की नाही हे ठरवणारा पाळणाराच होता.

याच काळात युरोपात वेगळी वाट तयार होत होती. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीने मठवासीयांच्या दिवसाचे प्रार्थना, शेतकाम आणि वाचन असे भाग पाडले होते आणि प्रत्येक भागाची सुरुवात घंटेने होत असे. तेराव्या शतकाच्या अखेरीस यांत्रिक घड्याळे आली, मनोऱ्यांवर चढली आणि घंटा मठाबाहेर बाजारपेठेत ऐकू येऊ लागली. अठराव्या शतकात फिलाडेल्फियाचा मुद्रक बेंजामिन फ्रँकलिन याने आपल्या आत्मचरित्रात चोवीस तासांचा तक्ताच देऊन ठेवला. सकाळी आज कोणते चांगले काम करायचे हा प्रश्न, मग कामाचे दोन मोठे तुकडे, मधे जेवण आणि हिशेबाच्या वह्या. फ्रँकलिनने प्रामाणिकपणे हेही लिहिले की या तक्त्यातली शिस्त त्याला सर्वांत जड गेली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये कापडाच्या गिरण्या उभ्या राहत होत्या. तिथे तक्ता गिरणीच्या फाटकावर लागला आणि तो लिहिणारा हात कामगाराचा नव्हता. इंग्रज इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन यांनी १९६७ साली एका दीर्घ निबंधात हे स्थित्यंतर उलगडून दाखवले : पूर्वी काम संपले की दिवस संपे, आता तास संपले की दिवस संपू लागला.

हे वारे आपल्याकडे मुंबईच्या ताडदेवला उतरले. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढच्या तीन दशकांत गिरणगाव उभे राहिले. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांना भोंग्याची ओळख झाली. आरंभी गिरण्या सूर्यप्रकाशावर चालत. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, त्यामुळे हिवाळ्यात दिवस लहान आणि उन्हाळ्यात मोठा, मजुरी मात्र त्या मानाने वाढत नसे. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा तासांच्या बाबतीत लहान मुलांपुरताच होता. मोठ्या माणसाने किती तास राबावे, मधे कधी थांबावे, आठवड्यातून सुट्टी घ्यावी की नाही, यावर तो काहीच बोलत नव्हता.

या जागी आपल्याला थोडा वेळ थांबले पाहिजे, कारण कामाच्या दिवसाचे तुकडे पाडण्याच्या इतिहासातले मराठी माणसाचे सर्वांत मोठे पाऊल इथे पडले. नारायण मेघाजी लोखंडे, जन्म १८४८, महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. गिरणीत भांडारपालाचे काम केल्यामुळे आतले जिणे त्यांनी जवळून पाहिले होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर त्या एका दिनक्रमाचा आराखडाच वाटतात : काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, दर रविवारी पूर्ण सुट्टी असावी. शिवाय पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हाती यावा आणि कामावर इजा झाली तर भरपाई मिळावी. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तिथे दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कायद्यात ही सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास दोन्ही आले. आपण आज ज्याला सहजपणे जेवणाची सुट्टी म्हणतो, तो अर्धा तास साडेपाच हजार सह्यांमधून उगवला आहे. तुकड्यांच्या या इतिहासात पहिल्यांदाच कामगाराने स्वतः एक रेघ ओढली, आणि ती रेघ कामाची नव्हती, विश्रांतीची होती.

तुकडे पाडायचे, पण कोणत्या घड्याळाने? हाही प्रश्न त्याच काळात पेटला. १८९१ साली मिरज–कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला आणि कबनूरपासून जवळच्या हातकणंगल्याला आगगाडी थांबू लागली. त्या काळी देशभरातली रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले, आणि ती मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे होती. गावात सूर्याची वेळ, फलाटावर मद्रासची, असा दुहेरी संसार होता. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली, ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटे पुढे. मुंबईत त्याविरुद्ध मोठा क्षोभ झाला. घड्याळ पुढे सरकले म्हणजे कामगाराला अंधारातच घर सोडावे लागणार होते. शेवटी मुंबई महापालिका आपल्या जुन्या वेळेकडे परतली आणि १९५५ पर्यंत तिला धरून राहिली. त्याच १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात सूतगिरणी आणि कापड गिरणीचा पाया घातला. पुढे अनेक दशके शाहू मिलच्या भोंग्यावर कोल्हापूरकर आपली घड्याळे लावत.

इचलकरंजीत मात्र मोठ्या गिरणीऐवजी छोट्या कारखान्यांची वाट निघाली. १९०४ साली, जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने, विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला. त्यातून पुढे जे वाढले ते कबनूरच्या घराघराला येऊन भिडले. कोणी स्वतःचा माल विणणारा, कोणी व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर विणणारा खर्चीवाला, पत्र्याच्या शेडमध्ये चार-आठ माग आणि शेजारीच राहते घर. इथला वेळ जवळून पाहायचा असेल तर साध्या मागापाशी उभे राहावे. धोटा या टोकाहून त्या टोकाला धावतो, त्याच्या पोटात सुताची कांडी असते आणि ती काही मिनिटांतच रिकामी होते. माग थांबतो. कामगार रिकामी कांडी काढतो, भरलेली बसवतो, सूत ओवून घेतो, माग चालू करतो. तोवर शेजारच्या मागावर ताण्याचा धागा तुटलेला असतो. एकेका माणसाकडे असे अनेक माग. त्यामुळे त्याच्या बारा तासांचे खरे तुकडे पाळीने पाडलेले नसतात, कांडीने पाडलेले असतात, आणि त्यांतला एकही घटिकेइतका सलग नसतो. मजुरी वेळेवर नसून पिकावर असते, म्हणजे कापडाच्या एका इंचात आडव्या सुताच्या किती फेऱ्या बसल्या त्यावर. ज्याने थांबावे त्याचे पीक बुडते. म्हणूनच लोखंड्यांनी मिळवलेला अर्धा तास कागदावर असूनही माग चालू ठेवून उभ्या-उभ्या खाल्लेली भाकरी हे इथले जुने दृश्य आहे.

कायद्याने मात्र हळूहळू आपली पावले टाकली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादाच गळून पडली. दिवस मावळला तरी काम थांबेना. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय श्रम परिषद भरली. जगासाठी आठवड्याला ४८ तासांचे सूत्र ठरले, पण भारताला ६० तासांची वेगळी पायरी देण्यात आली. भारतीय कामगारांच्या वतीने तिथे नारायण मल्हार जोशी हजर होते. १९२२ च्या दुरुस्तीत ६० तास आले, १९३४ मध्ये ५४ झाले, आणि मजूरमंत्री या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने ४८. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास, आठवड्याला ४८, आणि सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती, असा आकार पक्का केला. वर्ष, आकडा, पुन्हा वर्ष, पुन्हा आकडा. पण या आकड्यांच्या प्रत्येक जोडीमध्ये संप आहेत, चौकशी समित्या आहेत आणि उपाशी घरे आहेत.

एकीकडे कायदा तासांना बाहेरून कुंपण घालत असताना दुसरीकडे तासांच्या आत शिरण्याचा प्रयत्न चालू होता. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर याने १८८० च्या दशकापासून कारखान्यात स्टॉपवॉच धरून प्रत्येक हालचालीची सेकंदे मोजली आणि १९११ साली त्याचे शास्त्र लिहून काढले. काम लहान भागांत तोडले, पण तोडणारा व्यवस्थापक, करणारा कामगार. याचे विस्मरणात गेलेले उत्तर आपल्या शेजारच्या गुजरातेत मिळाले. १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी स्वयंचलित मागांच्या खात्याची रचना बदलायचे सुचवले. तोवर प्रत्येकाला एक तुटक काम वाटून दिलेले होते. आता कामगारांचे छोटे गट झाले, गटाकडे मागांचा एक संच आला आणि कोणी काय कधी करायचे हे गटाने ठरवायचे. उत्पादन वाढले आणि खराब कापड कमी झाले. माग तेच, माणसे तीच, रेघ ओढणारा हात तेवढा बदलला होता.

यानंतरचा रस्ता आपल्या ओळखीचा आहे. व्यवस्थापनाचे अभ्यासक पीटर ड्रकर यांनी १९६७ साली अधिकाऱ्यांना सांगितले की चिंधड्या झालेल्या वेळात विचाराचे काम होत नाही, मोठे सलग तुकडे राखून ठेवा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे गजरयंत्र पंचवीस मिनिटांवर लावून अभ्यास केला, मग पाच मिनिटांची विश्रांती, चार फेऱ्यांनंतर मोठी विश्रांती. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, तेच त्या पद्धतीचे नाव झाले. २००९ मध्ये सोफी लेरॉय या संशोधिकेने दाखवले की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलो तर लक्षाचा काही अंश पहिल्यातच अडकून राहतो. २०१६ साली कॅल न्यूपोर्ट यांच्या पुस्तकाने सलग एकाग्र कामाची कल्पना घरोघरी नेली. चिरिलोची पंचवीस मिनिटे आणि आपली चोवीस मिनिटांची घटिका यांत एका मिनिटाचे अंतर आहे. त्या दोघांत काही नाते असल्याचा पुरावा नाही आणि तो जोडण्याचे कारणही नाही. दोन वेगळ्या काळांत, दोन वेगळ्या कारणांनी जवळजवळ सारखेच माप निघाले, एवढे समाधान पुरेसे आहे.

आता आपण पुन्हा कबनूरला येऊन पोचलो. गावात साध्या मागांच्या जोडीला रॅपियर आणि एअरजेट माग आले आहेत, त्यांना कांडीच लागत नाही. पण पाळी बारा तासांची होती ती अजून बऱ्याच ठिकाणी तशीच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा कामगाराच्या संमतीने नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्याच्या बदलाला मंजुरी दिली, म्हणजे १९११ चा आकडा पुन्हा चर्चेत आला. अशा वेळी हा सगळा मागोवा आपल्याला काय देतो? दिवसाचे तुकडे पाडल्याने काम चांगले होते हे कौटिल्यापासून चिरिलोपर्यंत सर्वांनी अनुभवले, त्यात शंका नाही. पण तो लाभ त्यालाच मिळाला ज्याच्या हाती आखणी होती. राजाला मिळाला, फ्रँकलिनला मिळाला, अहमदाबादच्या त्या गटांना मिळाला. भोंग्याने पाडलेल्या तुकड्यांत राबणाऱ्याला त्यातले थकणे तेवढे मिळाले, आणि म्हणून त्याने आधी विश्रांतीची रेघ मागितली. पंचवीस मिनिटांचा गजर लावणाऱ्या मुलाने आपल्या पाच मिनिटांकडे या नजरेने पाहावे. ती त्याने वाया घालवलेली वेळ नाही, ती त्याच्या आधीच्या पिढ्यांनी लढून घेतलेली वेळ आहे. आणि ज्या कारखानदाराला आपल्या शेडमधले उत्पादन वाढवायचे आहे त्याने पाळीचे तास वाढवण्याआधी एक जुना प्रयोग करून पाहावा : मागावरच्या माणसांना एकत्र बसवून, कोणी कोणता माग कधी पाहायचा आणि जेवायला आळीपाळीने कोणी कधी बसायचे, हे त्यांनाच ठरवू द्यावे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, आणि ते जमते हे सत्तर वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे.